थंडीत हायब्रिड गाडीचे इंजिन सुरू होताना खडखड का होते?
आदल्या दिवशी गाडी जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालवली की दुसऱ्या सकाळी इंजिन खडखडते, असा आपला प्रश्न आहे. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. हायब्रिड गाडी पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर या दोन्हींवर चालते; त्यातले इंजिन मध्येच आपोआप बंद होत असल्याने छोट्या फेरीत ते पुरेसे तापत नाही आणि ही वाफ आतच निवून पाण्याचे थेंब साचतात. ते सिलिंडरमध्ये ओढले गेले, तर पहिले काही सेकंद ज्वलन चुकते व गाडी थरथरते. धूर शुद्ध करणारा, धुराच्या नळीतला उत्प्रेरक तापवण्यासाठी इंजिन काही वेळ जास्त वेगाने फिरते, त्याची एकसुरी घरघर मात्र दोष नव्हे. अधूनमधून अर्धा तास सलग गाडी चालवावी. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी घटत असेल, तर तो द्रव सिलिंडरमध्ये झिरपत असू शकतो; म्हणून हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाच्या सांध्यातली गळती रोखणारी पट्टी) आधी तपासून घ्यावे. तिथे चालढकल महागात पडते.