यंत्र निवांत असतानाच नेटवर्क मंद का होते?

प्रश्न : आमच्याकडे एक अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आणि एक डेटाबेस सर्व्हर १० गिगाबिटच्या जोडणीने एकमेकांशी जोडलेले आहेत. मोठी फाइल पाठवली तर अपेक्षित वेग मिळतो, परंतु डेटाबेसला जाणाऱ्या लहान विनंत्यांना उत्तर उशिरा येते. विशेष म्हणजे दिवसा गर्दीच्या वेळी हा उशीर कमी असतो आणि रात्री, काम जवळपास नसताना, तो वाढतो. केबल, स्विचचे पोर्ट आणि एका बाजूचे नेटवर्क कार्ड बदलूनही फरक पडला नाही. आता कोठे पाहावे?

उत्तर : गर्दीत बरे आणि निवांतपणी वाईट, हे लक्षण केबलचे किंवा स्विचचे नसते, कारण त्यांतील दोष भार वाढला की अधिक ठळक होतात. आपल्या वर्णनावरून पहिला संशय प्रोसेसरच्या वीज-बचतीवर घ्यावा लागतो. काम नसलेला कोर, म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग, स्वस्थ फिरत राहत नाही. तो सी-स्टेट नावाच्या पायऱ्या उतरत झोपी जातो. पायरी जितकी खोल, तितकी वीज कमी लागते आणि जागे व्हायला तितकाच अधिक वेळ लागतो. इंटेलच्या स्कायलेक पिढीतील सर्व्हर प्रोसेसरांसाठी लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये हा अवधी सी-१ साठी २, सी-१-ई साठी १० आणि सी-६ साठी १३३ मायक्रोसेकंद असा नोंदलेला आहे. सी-१-ई आणि सी-६ यांच्यामधली उडी किती मोठी आहे हे लक्षात घ्यावे, कारण आपला प्रश्न बहुधा तेथेच दडलेला आहे.

समजा, विनंती जाऊन उत्तर परत येण्याच्या फेरीला एरवी ४० मायक्रोसेकंद लागतात. विनंती पोहोचली तेव्हा डेटाबेसचा कोर सी-६ मध्ये असेल आणि उत्तराची वाट पाहणारा पलीकडचा कोरही तोवर तेवढाच खोल गेला असेल, तर दोन वेळा १३३ मिळवून ही फेरी ३०६ मायक्रोसेकंदांवर, म्हणजे मूळच्या सातपटींहून अधिक वेळावर जाते. कोर किती खोल पाठवायचा हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मागच्या विश्रांतीच्या अवधींवरून ठरवते. दिवसा पॅकेटे लागोपाठ येत असल्याने ते उथळ पायरीवर थांबते, तर रात्री विनंत्यांमधले अंतर वाढले की खोल पायरी निवडते. मोठ्या फाइलच्या वेळी कोरला झोपायला सवडच मिळत नसल्यामुळे तेथे सारे आलबेल दिसते.

उशिराइतकेच, किंबहुना त्याहून त्रासदायक, पॅकेटे गळणे असते. कार्ड आलेली पॅकेटे एका रिंग बफरमध्ये, म्हणजे ठरावीक जागांच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवते आणि कोर जागा होऊन ती उचलतो. १० गिगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान फ्रेमला, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पॅकेटाला, साधारण ६७ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे ५१२ जागांची रिंग अवघ्या ३४ मायक्रोसेकंदांत भरू शकते आणि १३३ मायक्रोसेकंदांनी डोळे उघडणाऱ्या कोरच्या हाती तोवर गळती लागलेली असते. पूर्ण आकाराच्या फ्रेमना तीच रिंग भरायला सुमारे ६३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणून हा प्रकार लहान पॅकेटांच्या अचानक आलेल्या लोंढ्यातच दिसतो. पॅकेट हरवले की टीसीपी हा डेटा पोहोचवण्याचा नियमसंच नेटवर्कवर गर्दी झाली असे समजून स्वतःहून वेग उतरवतो आणि मग दोष नेटवर्कच्या माथी मारला जातो. ही अडचण नवी नाही : इंटेलच्या जुन्या २१०० वायरलेस कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर कर्नलला १७५ मायक्रोसेकंदांहून अधिक उशीर चालणार नाही, असे बजावूनच कामाला लागत असे.

निदानासाठी काही विकत घेण्याची गरज नाही. रात्रीच्या शांत वेळी आधी एका सर्व्हरवरून दुसऱ्याला सेकंदाला एक या गतीने पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजावा, आणि नंतर तेच एक-दोन मिलिसेकंदांच्या अंतराने करावे. अंतर कमी केल्यावर सरासरी वेळ स्पष्टपणे घटली, तर संशय बळावतो. त्यानंतर दोन्ही सर्व्हरांच्या प्रत्येक कोरवर अगदी कमी प्राधान्याची, नुसती फिरत राहणारी प्रक्रिया सुरू करून सेकंदाला एक पिंग पुन्हा पाहावे. भार टाकल्याने नेटवर्क सुधारले, तर शंकेला फारशी जागा राहत नाही. टर्बोस्टॅट हे साधन चालवल्यास कोर सी-६ मध्ये किती टक्के वेळ घालवतात ते दिसते, आणि ईथटूल या साधनाच्या आकडेवारीत कार्डाने गमावलेल्या पॅकेटांची संख्या वाढते आहे का तेही कळते. सारखाच भासणारा दुसरा एक दोष असतो : कार्ड इंटरप्ट, म्हणजे पॅकेट आल्याचे प्रोसेसरला कळवणारे इशारे, जमवून एकदम देत असेल तरी उशीर होतो, मात्र तो उशीर कोरवर भार टाकल्याने जात नाही.

उपाय करताना आधी तात्पुरता बदल करावा. सीपीयूपॉवर या साधनाला मर्यादा सांगितली, की त्याहून अधिक उशिराच्या सर्व पायऱ्या त्याच क्षणी बंद होतात आणि यंत्र पुन्हा सुरू करावे लागत नाही. आपल्या बाबतीत २० मायक्रोसेकंद ही मर्यादा पुरेशी ठरावी. दोन्ही सर्व्हरांवर हे करून एक रात्र निरीक्षण करावे. फरक पडला तर ट्यून्ड या सेवेची नेटवर्क-लेटन्सी ही प्रोफाइल लावून बदल कायम करता येतो. कोरची वारंवारता ठरवणारा गव्हर्नरही पाहून घ्यावा, पण नावावर जाऊ नये : इंटेल पी-स्टेट ड्रायव्हरमधला ‘पॉवरसेव्ह’ गरजेप्रमाणे वारंवारता वाढवतो, तर जुन्या ड्रायव्हरमधला त्याच नावाचा गव्हर्नर ती सर्वांत खालीच धरून ठेवतो. एवढे करूनही काहीच बदलले नाही, तर बायॉसमधील, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीतील, पॉवर प्रोफाइल तपासावी, कारण तेथे नियंत्रण ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिलेले नसेल तर वरचे गव्हर्नरचे बदल निष्फळ ठरू शकतात.

प्रश्न : मग सर्व सी-स्टेट एकदाच बंद करून कोर सतत जागते ठेवले तर चालणार नाही का?

उत्तर : चालते, पण आम्ही तसे सुचवणार नाही. काही कोर झोपलेले असतात म्हणूनच उरलेल्यांना टर्बोच्या, म्हणजे नेहमीपेक्षा वरच्या, वारंवारतेसाठी वीज आणि थंडावा मिळतो. सगळे जागे ठेवले तर ज्या एका कोरवर काम आहे तोच हळू चालण्याची शक्यता असते. एकाच कोरवर दोन थ्रेड चालवणारे हायपर-थ्रेडिंग सुरू असल्यास रिकामा फिरणारा थ्रेड शेजारच्या थ्रेडच्या वाट्याची साधनेही खातो. सी-१ किंवा सी-१-ई पर्यंत झोपू द्यावे, हा मधला मार्ग जवळपास नेहमी पुरतो.

प्रश्न : माझ्या घरच्या संगणकाची गिगाबिट जोडणी मधूनच दोन-तीन सेकंद तुटते आणि परत येते. हाही प्रोसेसरचाच दोष का?

उत्तर : नाही. सी-स्टेटमुळे होणारा उशीर मायक्रोसेकंदांचा असतो, सेकंदांचा नव्हे. येथे २०१० साली मान्य झालेल्या एनर्जी एफिशियंट इथरनेट या मानकाकडे पाहावे. त्यात तार रिकामी असताना दोन्ही टोकांचे कार्ड झोपते. गिगाबिटला त्यातून उठायला सुमारे १६.५ मायक्रोसेकंद लागतात आणि ते कोणाला जाणवतही नाही, पण दोन्ही टोकांच्या उपकरणांचे नीट जुळले नाही तर जोडणीच तुटते. विंडोजमध्ये कार्डाच्या प्रगत गुणधर्मांत हा पर्याय बंद करता येतो. तरीही जोडणी तुटत राहिली, तर केबल बदलून पाहावी.

प्रश्न : सर्व्हर आभासी यंत्रात असेल तर हे बदल कोठे करायचे?

उत्तर : ज्यावर आभासी यंत्रे चालतात त्या मुख्य यंत्रावर. आभासी यंत्राला सहसा खऱ्या सी-स्टेट दिसतच नाहीत, त्यामुळे आत केलेली गव्हर्नरची निवड फारसे काही साधत नाही. मुख्य यंत्र आपल्या ताब्यात नसेल, तर वरील दोन पिंगांचे आकडे सोबत जोडून ते सांभाळणाऱ्यांना खोल पायऱ्या बंद करण्याची विनंती करावी.