उंचीच्या पट्टीपाशी

"मॅडम, एवढा खर्च केला आणि पोरगा म्हणतो मजाच नाही आली. फार लाडावून ठेवलंय का आम्ही त्याला?"

सुट्ट्या संपल्या की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. हे कुटुंब डोंबिवलीचं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). ताई नऊ वर्षांची, धाकटा पाच. मे महिन्यातल्या रविवारी पहाटे पाचला उठून थीम पार्कला गेले. संध्याकाळी पार्किंगमध्ये बाबांनी धाकट्यावर हात उचलला. तेच त्यांना आतून खात होतं.

धाकट्याला मी त्या दिवसाचं चित्र काढायला सांगितलं. त्यानं एक उभा खांब काढला, त्यावर लाल रेघ आणि रेघेच्या बरंच खाली एक इवलंसं डोकं. पाळणा नाही, पाणी नाही. पाऊण तास रांगेत उभं राहून तो त्या पट्टीपाशी पोचला होता आणि तिथून ताई एकटी आत गेली होती. असं दिवसात तीनदा झालं. मग रडणार नाही तर काय करेल लेकरू?

या राइडना वयापेक्षा उंची बघतात, कारण सुरक्षेचा दांडा ठरावीक मापाच्या अंगावरच नीट बसतो. लहानगं अंग त्यातून निसटू शकतं. पाच वर्षांच्या मुलाला हे समजतं, पण ते घरी, आदल्या दिवशी सांगायला हवं. रांगेच्या टोकाला कळलं की त्याला ती शिक्षा वाटते.

मग मी बाबांना विचारलं, "तुम्ही लहानपणी कुठे गेला होतात?" ते बराच वेळ गप्प बसले. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये सुरू झालं, तेव्हा ते मुलांएवढेच होते. वर्गातली मुलं बोटीनं खाडी ओलांडून जाऊन आली, यांच्या घरी तेवढे पैसे नव्हते. पुढे 2022 मध्ये ते बंद झालं, यांचं जाणं राहिलंच. म्हणून "तिकीट वसूल झालंच पाहिजे, एकही राइड सुटता कामा नये" हा हट्ट. तो हट्ट मला जवळचा वाटला. पण स्वतःचा राहून गेलेला तो दिवस त्यांनी मुलांवर लादला होता.

पुढच्या वेळेची आखणी मुलांसमोरच केली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं दोघांची उंची मोजली, पार्कच्या वेबसाइटवरची उंचीची यादी शेजारी धरली. धाकट्याला जमणाऱ्या राइड त्यानंच निवडल्या. मोठ्या राइडच्या वेळी आईनं त्याच्यासोबत दुसरीकडे जायचं. दुपारी दीड तास सावलीत पडायचं. रविवार नको, मे तर नकोच. आणि बाबांना सांगितलं, तुम्हाला बसायचंय ना? मग तुम्ही बसा, स्वतःसाठी.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी ते जाऊन आले. फोनवर बाबा म्हणाले, "चारलाच निघालो, मॅडम. अर्ध्या राइड राहिल्या." मग जरा थांबून, "त्या मोठ्या कोस्टरवर मी दोनदा बसलो. धाकटा खालून हात हलवत होता."