‘ओके कॉम्प्युटर’ या अल्बमनंतर रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडने गिटार बाजूला का ठेवली?
मुख्य कारण म्हणजे बँडचा गायक थॉम यॉर्क याला गिटार-रॉकचाच वीट आला होता. १९९७ च्या त्या अल्बमनंतरच्या दौऱ्याने तो पार पिचून गेला होता. त्या काळात आपण एफेक्स ट्विन, ऑटेकर यांचं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत होतो, हे त्याने मुलाखतींत सांगितलंय. त्यातूनच २००० साली ‘किड ए’ हा अल्बम आला. पहिलंच गाणं हेडफोन लावून ऐका: गिटार नाहीच, सिंथेसायझरचे मऊ सूर आणि तुकडे करून उलटसुलट फिरवलेला यॉर्कचा आवाज. इतकी धाडसी सुरुवात मोठ्या बँड्सनी क्वचितच केली असेल. बँडचा गिटारिस्ट जॉनी ग्रीनवुड तर ओंद मार्तनो या जुन्या फ्रेंच विद्युतवाद्याकडे वळला. गिटार पूर्ण सुटली असं मात्र नाही. याच अल्बममधलं ‘ऑप्टिमिस्टिक’ गिटारवरच उभं आहे.