अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे स्वतःचे धंदे कमी का?

प्रश्न: अमेरिकेत कायदा सगळ्यांना सारखा आहे ना, मग कृष्णवर्णीय लोक स्वतःचा धंदा कमी का काढतात? हिंमत कमी पडते का?

उत्तर: हिंमतीचा प्रश्नच नाहीये हो, अडतं ते भांडवलापाशी. धंद्याला पैसा लागतो तो बहुतेक जण बचतीतून नाहीतर घर तारण ठेवून उभा करतात, आणि फेडरल रिझर्व्हच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या) २०२२ च्या सर्व्हेत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोब्बर मधल्या कुटुंबाची) २ लाख ८५ हजार डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची जेमतेम ४४,९००. हे आपोआप झालं का? १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगवून 'धोकादायक' ठरवल्या, गृहकर्ज मिळेना, घरंच झाली नाहीत मग पुढच्या पिढीनं तारण काय ठेवायचं? त्याआधी १९२१ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराचं ग्रीनवुड, कृष्णवर्णीयांची चांगली भरभराटीची बाजारपेठ, गोऱ्या जमावानं जाळली आणि विम्याचे क्लेमसुद्धा नाकारले गेले, हे वाचून आजही जीव तुटतो. धंद्याचं कर्ज देताना वंश बघायचा नाही हे फेडरल कर्ज कायद्यात आलं थेट १९७६ ला! म्हणूनच गाठीशी काही नव्हतं, आणि कोविडमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल २०२० मध्ये धंदा चालू असलेले कृष्णवर्णीय व्यावसायिक ४१ टक्क्यांनी घटले, गोरे १७ टक्क्यांनी.