ठोक भावात दडलेलं एक घड्याळ

प्रश्न: वडील गेल्यावर त्यांच्या कपाटाच्या खणात ११ मनगटी घड्याळं निघाली. पाच चावीची, तीन ऑटोमॅटिक, तीन सेलची. त्यातली दोन-तीनच चालू आहेत. एक सोनेरी आहे, एकाच्या डायलवर अगदी तळाशी ‘टी स्विस मेड टी’ असं बारीक अक्षरांत लिहिलंय. जुनी घड्याळं घेणाऱ्या एका विक्रेत्याने सगळी पाहून एकच ठोक रक्कम सांगितली आहे. भाऊ म्हणतो, देऊन टाकू आणि पैसे निम्मे-निम्मे घेऊ. मला वाटतं, सगळ्यांची सर्व्हिसिंग करून ठेवावीत. जुन्या घड्याळांचे भाव वाढतात असं ऐकते, दहा वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला कामी येतील. यात १७ माणकांची मशीनंही आहेत. कोणाचं बरोबर?

उत्तर: दोघांचंही नाही. पण दोन्हींपैकी एकच चूक करायची झाली तर भावाची करा, ती स्वस्तात पडेल.

आधी तुमच्या बेताचा हिशेब मांडू. समजा एका घड्याळाची आजची किंमत १०० आहे आणि ती दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढते. सगळ्या जुन्या घड्याळांचा भाव असा वाढत नाही, पण तुमच्या बाजूने धरू. दहा वर्षांनी ते १४८ चं होईल. आता वजाबाकी. मशीनमधलं तेल सुकतं आणि सुकल्या तेलावर चाकं फिरली की त्यांची टोकं झिजतात, म्हणून साधारण पाच वर्षांनी सर्व्हिसिंग लागते. दहा वर्षांत दोनदा, प्रत्येक वेळी १५ धरले तर ३० गेले. विमा वर्षाला किमतीच्या १ टक्का धरला तर १२ गेले. विकताना मधल्या माणसाचं किंवा लिलावगृहाचं २० टक्के, म्हणजे जवळजवळ ३०. हातात उरले ७६. हेच १०० तुम्ही ४ टक्क्यांच्या साध्या ठेवीत टाकून विसरून गेला असतात, तर पूर्ण १४८ मिळाले असते.

उलट बाजूने पाहिलं तर घड्याळाचा भाव दहा वर्षं सलग ६ टक्क्यांनी वाढला, तर कुठे तुमचे मूळचे १०० परत येतात. नफा शून्य. मी यातले आकडे सोयीने धरलेत, तुमचे वेगळे असतील. पण घड्याळ जितकं स्वस्त, तितका हा हिशेब आणखी बिघडतो, कारण घड्याळजी कष्टाचे पैसे घेतो, घड्याळाच्या किमतीचे नाही. स्वस्त घड्याळाची सर्व्हिसिंग त्याच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत सहज जाते. ११ घड्याळांची एकदम सर्व्हिसिंग म्हणजे मुलीच्या शिक्षणाच्या पैशाला आजच कात्री.

‘भाव वाढतात’ हे ऐकलेलं खोटं नाही, अर्धं आहे. पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स डेटोना २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. ती बातमी सगळ्यांनी वाचली. पण त्या आकड्यात घड्याळापेक्षा न्यूमनचं मनगट जास्त होतं. त्याच काळात बनलेली आणि आज खणांत पडलेली असंख्य घड्याळं कुठल्याच बातमीत येत नाहीत. शिवाय २०२२ च्या सुरुवातीला वापरलेल्या नामांकित घड्याळांचे भाव शिखरावर होते आणि त्यानंतर ते चांगलेच उतरले. शिखरावर घेतलेल्यांना विचारा.

आता भावाकडे. त्याचं ‘विकून मोकळे होऊ’ मला पटतं. ठोक भावात विकणं पटत नाही.

जुनी घड्याळं घेणारा काही लबाडच असतो असं मी म्हणत नाही. त्याला ती उघडायची, दुरुस्त करायची, गिऱ्हाईक येईपर्यंत सांभाळायची असतात. काही तर मोडीतच जाणार हे त्यालाही माहीत असतं. तेव्हा तो बाजारभावापेक्षा बराच कमी भाव देणारच. पण ११ घड्याळांच्या ढिगाला एकच आकडा लागतो, तेव्हा बहुतेक वेळा तो आकडा एका-दोघांच्या जोरावर उभा असतो आणि बाकीची नऊ वजनाला असतात. कुठली दोन, ते त्याला दिसलंय, तुम्हाला नाही. सगळा सौदा या फरकावर होतो.

तो फरक काढायचा एक सोपा मार्ग आहे. त्याच्याकडे परत जा आणि सांगा, ‘एक घड्याळ आम्ही आठवण म्हणून ठेवतोय, बाकी दहांचं काय द्याल?’ एक बाजूला काढून विचारा, मग ते परत ठेवून दुसरं काढा. नऊ घड्याळांच्या वेळी आकडा फारसा हलणार नाही. एखादं काढलंत की तो एकदम कोसळेल किंवा ‘मग राहू द्या, सगळी असतील तरच घेतो’ असं उत्तर येईल. ते तुमचं घड्याळ. आणखी दोन ठिकाणी हाच प्रयोग करा. तीन अनोळखी माणसं एकाच घड्याळावर अडली, तर मी त्याला फुकटात मिळालेलं मूल्यांकन समजेन.

यानंतर घड्याळजी. सर्व्हिसिंगसाठी नाही, नुसतं उघडून बघण्यासाठी. घरी सुरी घालून मागचं झाकण उचकटू नका, तिथला प्रत्येक ओरखडा पुढे भाव पाडायला वापरला जातो. झाकण उघडलं की आतून भिंग लावून बघायला सांगा. जुन्या घड्याळांत झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारखी बारीक अक्षरं आणि आकडे असतात. घड्याळ ज्याच्या हाती दुरुस्तीला गेलं, त्या घड्याळजीने कोरलेली ती तारीख किंवा खूण असते. चार-पाच खुणा दिसल्या तर समजा, वडिलांनी ते वेळेवर दाखवलं होतं. मशीनवरचं नाव आणि नंबर यांचा फोटो घ्या. सेइकोच्या बऱ्याच घड्याळांत मागच्या नंबरातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरं चिन्ह महिन्याचं. दशक मात्र मॉडेलवरून ठरवावं लागतं. चालू घड्याळांसाठी टाइमग्राफरवर एक मिनिट लावून बघायला सांगा. ते यंत्र टिकटिक ऐकून दिवसाला किती सेकंद मागे-पुढे जातंय आणि बॅलन्स चाक, म्हणजे वेळ राखणारं मागे-पुढे झुलणारं चाक, किती अंशांत झुलतंय ते दाखवतं. झोका २७० अंशांच्या आसपास असेल तर तब्येत ठणठणीत. २०० च्या खाली असेल तर आत खर्च दडलाय.

‘टी स्विस मेड टी’चा अर्थ काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग ट्रिटियम या किरणोत्सारी पदार्थाचा आहे. हे लिहिणं १९६० च्या दशकात सुरू झालं आणि १९९० च्या दशकात संपलं, म्हणजे घड्याळाचं वय ढोबळ मानाने कळलं. ट्रिटियमचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, १२.३ वर्षांचं, त्यामुळे आता ते अंधारात चमकत नसेल तर बिघाड नव्हे. त्याहून जुन्या एखाद्या घड्याळावर तपकिरी पडलेला, कुरकुरीत रंग दिसला तर तो रेडियमचा असू शकतो. त्याची चमक गेली तरी किरणोत्सार जात नाही, रेडियमचं अर्धायुष्य १,६०० वर्षांचं आहे. असं घड्याळ स्वतः उघडू नका, रंग खरवडू देऊ नका आणि घड्याळजीला आधी सांगा.

१७ माणकांबद्दल. ही माणकं खरीच असतात, पण कारखान्यात बनवलेली. कृत्रिम माणिक बनवायची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नुईची पद्धत १९०२ पासून जगजाहीर आहे. घर्षण कमी व्हावं म्हणून ती चाकांच्या टोकांशी बसवतात. साध्या चावीच्या घड्याळाला १७ म्हणजे पुरेशी संख्या, एवढाच त्याचा अर्थ. सगळी काढून विकली तरी चहापाण्याचा खर्च निघायचा नाही.

सोनेरी घड्याळाचं झाकण आणि पट्टा अडकवायच्या कड्यांमागची बाजू भिंगाखाली बघा. ७५०, ५८५ किंवा ३७५ असा ठसा असेल तर केस भरीव सोन्याची, अनुक्रमे १८, १४ आणि ९ कॅरेटची. ‘२० मायक्रॉन’ लिहिलं असेल तर तो मुलामा, त्यात सोनं अगदीच थोडं. भरीव निघाली तर वितळवलेल्या सोन्याची किंमत हा तुमचा तळ, त्याच्या खाली कोणालाच देऊ नका. पण वितळवायची घाईही नको. सोनं १९८० च्या जानेवारीत औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेलं, तेव्हा कितीतरी चांगली घड्याळं मशीन काढून मुशीत गेली.

सेलची तीन मात्र आजच उघडून घ्या. मेलेला सेल आत राहिला की झिरपतो आणि त्याचा पांढरा थर सर्किट खातो. सेल काढले, थर नसेल तर नवे घालून बघा, चालली तर कोणालाही वापरायला द्या. यात पैसा शोधू नका. टोकियोत १९६९ च्या २५ डिसेंबरला सेइकोने पहिलं क्वार्ट्झ (सेलवर, स्फटिकाच्या कंपनाने चालणारं) मनगटी घड्याळ, अ‍ॅस्ट्रॉन, विक्रीला आणलं तेव्हा ते श्रीमंतांचं होतं. पंधरा-वीस वर्षांत तेच तंत्र इतकं स्वस्त झालं की स्विस घड्याळ उद्योगातल्या नोकऱ्या सुमारे ९० हजारांवरून ३० हजारांच्या आसपास आल्या.

आता एक ताकीद, आणि ती देताना मला माझंच आठवतंय. मामाचं एक चावीचं घड्याळ माझ्याकडे आलं. डायलवर पिवळट डाग होते, म्हणून एका दुकानात दिलं आणि ‘जरा नीट करून द्या’ म्हटलं. नीट म्हणजे काय, ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. आठ दिवसांनी घड्याळ आलं ते नव्या रंगवलेल्या डायलसह, केस बफावर घासून गुळगुळीत. कडांची धार गेली होती, कंपनीच्या नावातली अक्षरं किंचित जाड झाली होती. जुने काटे मागितले तर म्हणाले, टाकले. पुढे एका संग्राहकाला दाखवलं, त्याने भिंगही न लावता परत दिलं. डागांसकट त्याने घेतलं असतं. तेव्हा पॉलिश नाही, डायल रंगवणं नाही, पट्टा-बकल फेकणं नाही. काच बदलली तरी जुनी परत मागून घ्या. डबा, पावती, वॉरंटी कार्ड यांसाठी वडिलांचे कागद पुन्हा एकदा चाळा. नामांकित घड्याळाला मूळ कागदांनी भावात चांगलाच फरक पडतो.

एवढं झालं की वाटणी सोपी होते. ज्या घड्याळावर सगळे अडले, ते वेगळं विका. नामांकित असेल तर लिलावगृहालाही विचारा, फक्त हातोडा पडतो तो आकडा आणि तुमच्या हातात येतो तो आकडा, यांतला फरक आधी लेखी घ्या. तुमच्याकडे वारसाहक्काने आलेल्या वस्तूच्या विक्रीवर कर लागतो का, हे विक्रीआधी करसल्लागाराला विचारा, नंतर नव्हे. येतील ते पैसे मुलीच्या नावाने वेगळे ठेवा. दहा वर्षं हातात आहेत, तेव्हा मोठा भाग विविध शेअर्समध्ये पसरलेल्या फंडात चालेल, शेवटच्या तीन वर्षांत तो हळूहळू ठेवींकडे वळवा. घड्याळाला हे जमत नाही. त्याचा पट्टा तेवढा विकून एका सत्राची फी भरता येत नाही.

ठेवायची किती? दोन, फार तर तीन. जी तुम्ही किंवा भाऊ खरोखर मनगटावर बांधणार, तेवढीच. सर्व्हिसिंगही तेवढ्यांचीच, आणि तो खर्च गुंतवणुकीच्या वहीत न लिहिता चपला-कपड्यांच्या खात्यात लिहा, म्हणजे दहा वर्षांनी परतावा शोधत बसणार नाही. घराचा विमा असेल तर त्यात एकेका मौल्यवान वस्तूला मर्यादा आहे का ते बघा, असेल तर चांगलं घड्याळ नावानिशी नोंदवा.

एकाच घड्याळावर दोघांचाही जीव असेल, तर दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा: हे घड्याळ मला ठेवायला मिळावं म्हणून मी याची किंमत किती मानतो. मोठा आकडा ज्याचा, घड्याळ त्याचं, आणि त्याने त्या आकड्याचे निम्मे दुसऱ्याला द्यायचे. यात कुणी उगाच मोठा आकडा लिहीत नाही. स्वतःच्या खिशातून जातो ना. तुमच्या पत्रात भावाबद्दल जरा राग दिसला, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. त्याला वडिलांची किंमत नाही असं नसेल, बंद घड्याळं बघवत नसतील.

उरलेली सहा-सात, ज्यांना कोणी वेगळा भाव देत नाही, ती त्याच विक्रेत्याला ठोक द्या. तिथे ठोक भाव बरोबर आहे. सुटे भाग म्हणून ती कुणाच्या तरी कामी येतील.

तूर्त त्याच्याकडे दोन आठवड्यांची मुदत मागा. तो घाई करू लागला, ‘आजचा भाव उद्या नाही’ म्हणाला, तर वाद घालू नका. घड्याळं पुन्हा पेटीत भरताना कुठल्या घड्याळावरून त्याची नजर हलत नाही, एवढं फक्त बघून या.