पेन्शनमध्ये ‘चुकून’ गेलेले ९०,००० रुपये: आधी २०१४ चं पासबुक काढा

ऐरोलीच्या एका वाचकाचा प्रश्न: जुलै २०१७ मध्ये महापेच्या कंपनीत लागलो, तेव्हा बेसिक १८,००० होतं. जून २०२३ ला नोकरी सोडली, आता स्वतःचा व्यवसाय आहे. पीएफ मिळाला, पण पेन्शनचे पैसे काढण्याचा फॉर्म १०-सी ‘सभासद पात्र नाही’ असा शेरा मारून परत आला. दरमहा १,२५० प्रमाणे ७२ महिने पेन्शनमध्ये चुकून कापले गेलेले ९०,००० रुपये कसे परत मिळवू? कंपनी म्हणते पीएफ कार्यालयात जा, कार्यालय म्हणतं कंपनीचं पत्र आणा.

१ सप्टेंबर २०१४ पासून जो नव्याने पीएफचा सभासद होतो आणि त्या दिवशी ज्याचं बेसिक अधिक महागाई भत्ता १५,००० च्या वर असतो, त्याला पेन्शन योजना लागू होत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच ‘चुकून’ हा शब्द तुम्ही वापरलात. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिली आहे: ‘२०१२-१३ मध्ये ठाण्यात कॉल सेंटरला १४ महिने होतो, बेसिक ६,०००, तो पीएफ २०१४ ला काढला.’ सगळं प्रकरण त्या ओळीवर उभं आहे, आणि तीच तुम्ही कंपनीला सांगितली नाहीत. २०१७ ला रुजू होताना फॉर्म ११ भरला, तेव्हा ‘आधी पेन्शन योजनेचे सभासद होता का’ या रकान्यापुढे काय लिहिलं होतं, तेही तुम्हाला आठवत नाही. सही करताना तो रकाना वाचला असता तर आज ही धावपळ नव्हती.

पेन्शन योजनेचा परिच्छेद ६-अ म्हणतो की एकदा सभासद झालात की सभासदत्व टिकतं; ५८ वर्षं पूर्ण होईपर्यंत, किंवा पैसे काढण्याचा लाभ घेईपर्यंत. म्हणून २०१४ ला तुम्ही फक्त फॉर्म १९ (पीएफ काढण्याचा) भरला होता, की १०-सी सुद्धा, एवढंच आता बघायचं. त्या वर्षीचं बँकेचं पासबुक काढा. पीएफची एकच रक्कम जमा आहे, की दोन? पेन्शनची रक्कम वेगळी जमा होते. १४ महिन्यांची नोकरी एक वर्ष धरून शेवटच्या वेतनाच्या १.०२ पट, म्हणजे ६,१२० रुपयांच्या आसपासची नोंद दिसली, तर १०-सी भरला होता असं समजा.

ती नोंद असेल तर जुनं सभासदत्व २०१४ लाच संपलं. २०१७ ला तुम्ही नव्याने आलात, १८,००० वर, म्हणजे कपात खरंच चुकीची. मग कंपनीने लेटरहेडवर अर्ज द्यायचा: यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), रुजू तारीख, पहिल्या महिन्याची पगारपावती, फॉर्म ११ ची प्रत आणि महिनावार पेन्शन रकमांचा तक्ता. तुम्ही पाठवलेली शेवटच्या महिन्याची पावती इथे निरुपयोगी आहे. रक्कम पेन्शन खात्यातून पीएफ खात्यात व्याजासह वळती होते, मग फॉर्म १९ पुन्हा भरावा लागतो.

नोंद नसेल तर चूक कंपनीची नाही, कार्यालयाच्या नोंदीत तुमची जुनी सेवा दिसत नाही एवढंच. यूएएन २०१४ मध्ये आले, त्यामुळे कॉल सेंटरचा जुना क्रमांक जोडलेला नसणार. तो जोडून घ्या. १४ आणि ७२ मिळून ८६ महिने होतात; दहा वर्षांपेक्षा कमी म्हणून १०-सी चालतो, आणि सेवेच्या काळानुसार ठरणारी रक्कम हातात येईल. पुन्हा नोकरी करणार असाल तर पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट (आतापर्यंतची सेवा पुढे जोडण्याचा दाखला) घ्यावं, असं माझं मत. ३४ महिने आणखी भरले की पेन्शनचा हक्क तयार होतो.

कार्यालय चुकू नका. महापेत काम केलं म्हणून वाशीच, असं नाही. सभासद क्रमांकाची पहिली पाच अक्षरं बघा: टीएचव्हीएसएच म्हणजे वाशी, टीएचटीएचए म्हणजे ठाणे, एमएचबीएएन म्हणजे वांद्रे. मुख्य कार्यालय मुंबईत असलेल्या कंपन्यांचा कोड बऱ्याचदा वांद्र्याचाच निघतो.

कंपनी पत्र देत नसेल तर आधी ईमेलने लेखी मागा, मग ईपीएफआयजीएमएस या तक्रार संकेतस्थळावर टाका. त्यानंतर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पण तिथे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि तारखा लांबतात. तुमच्या बाबतीत ही मुदत १०-सी परत आल्यापासून धरावी असं म्हणता येईल, मात्र समोरचा वकील नोकरी सोडल्याच्या तारखेवर बोट ठेवेल. त्यामुळे परतीच्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट तारखेसह जपा, आणि पासबुक बघेपर्यंत १०-सी पुन्हा भरू नका.