वनस्पतिशास्त्राची पदवी आणि पुरातत्त्वाची ओढ : एका वडिलांच्या पत्राला उत्तर

स. न. वि. वि.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली कन्या संगमनेरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात वनस्पतिशास्त्र शिकते आहे. जोर्वे गावाजवळच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर तिला रंगीत खापरांचे तुकडे पाहायला मिळाले, आणि तेव्हापासून पुरातत्त्वात संशोधन करायचे तिने मनाशी पक्के केले आहे. आपल्याला तीन गोष्टींची काळजी वाटते : विज्ञानाची वाट सोडून ती कला शाखेकडे वळली तर आजवरचे शिक्षण वाया जाईल का, पदवीनंतर नेमके काय करावे, आणि या क्षेत्रात पोटापाण्याचे काय. धाकट्या मुलाचे शिक्षण अजून व्हायचे आहे, असेही आपण मोकळेपणाने लिहिले आहे, म्हणून मीही तितक्याच मोकळेपणाने उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी जरा विस्ताराने देणार आहे, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. आपल्या कन्येला विज्ञान सोडायचेच नाही. तिला जे करायचे आहे त्यासाठी वनस्पतिशास्त्र लागते, आणि ते नीट येणारी माणसे पुरातत्त्वात कमी आहेत.

जोर्व्याचे उत्खनन १९५०–५१ मध्ये झाले आणि तिथे सापडलेल्या रंगीत भांड्यांमुळे दख्खनच्या ताम्रपाषाणयुगातल्या (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरण्याच्या काळातल्या) एका संस्कृतीला आपल्या शेजारच्या या गावाचे नाव मिळाले, हे आपल्याला ठाऊक असेलच. त्या संस्कृतीतली माणसे कशी जगत होती हे मात्र सर्वांत तपशिलाने कळले ते शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावामुळे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे अनेक हंगाम उत्खनन केले. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळातली शंभराहून अधिक घरे तिथे उजेडात आली. हे काम एकट्या इतिहासकाराच्या आवाक्यातले नव्हते. हाडांवरून जनावरे ओळखणारे, मानवी सांगाड्यांचा अभ्यास करणारे आणि डॉ. मुकुंद काजळे यांच्यासारखे जळक्या धान्यावर वर्षानुवर्षे काम करणारे अभ्यासक त्यात होते. ते लोक मुख्यतः जव पिकवत होते, मसूर आणि कुळीथ खात होते, हे आपण आज सांगू शकतो ते अशा अभ्यासामुळे. पुढच्या काळात मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरची भिस्त वाढली. इनामगावच्या उत्खननातले एक प्रमुख पुरातत्त्वज्ञ डॉ. म. के. ढवळीकर यांनी त्याची सांगड पाऊसमान घटण्याशी घातली. हे मत सर्वांनी मान्य केले असे नाही. पण ते मान्य करायचे की नाही हे ठरवायला पुन्हा बिया, परागकण आणि गाळाचे थरच तपासावे लागतात.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, तेही सांगतो. चुलीतली किंवा राखेच्या खड्ड्यातली माती पोत्यात भरून तिच्यावर थराचा आणि खड्ड्याचा क्रमांक लिहितात. ती माती पाण्याच्या टाकीत हळूहळू सोडून हाताने ढवळली की जड माती तळाशी बसते आणि कोळसा झालेल्या हलक्या बिया वर तरंगतात. त्या बारीक जाळीच्या चाळणीत धरून सावलीत वाळवायच्या आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा कुंचल्याच्या टोकाने वेगळा करायचा. न जळलेले धान्य आपल्या हवेत कुजून जाते. जे चुलीत सांडून करपले तेच हजारो वर्षे टिकते. जवाचा दाणा दोन्ही टोकांना निमुळता, गव्हाचा अधिक फुगीर, कुळथाचा चपटा. आणि जळताना प्रत्येकाचा आकार बदलतो तो वेगळाच. म्हणून ओळख पटवण्यासाठी आजचे धान्य मुद्दाम जाळून, त्याचे नमुने शेजारी ठेवून ताडून पाहावे लागते. दाण्याबरोबर भूस आणि शेतातल्या तणाचे बी सापडले, तर मळणी वस्तीतच होत होती का, याचाही अंदाज बांधता येतो. ज्या मुलीने महाविद्यालयात बीजांची अंतर्रचना आणि वनस्पतींचे वर्गीकरण मन लावून शिकले आहे, तिला या टेबलाशी बसायला वेगळी ओळख लागत नाही.

कार्बन-१४ पद्धतीने, म्हणजे अवशेषातल्या किरणोत्सारी कार्बनच्या घटीवरून, काळ ठरवतानाही लाकडाच्या कोळशापेक्षा धान्याचा दाणा जास्त विश्वासाचा असतो. घराचा वासा जुन्या झाडाचा असू शकतो, दाणा मात्र त्याच हंगामातला असतो. तसेच ज्वारी-बाजरीसारखी पिके आणि गहू-जव-भात यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगवेगळी असल्यामुळे त्यांच्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण वेगळे असते. तो फरक ती पिके खाणाऱ्यांच्या हाडांत आणि दातांत उतरतो. म्हणजे जो धडा ती या वर्षी परीक्षेसाठी वाचत असेल, त्यावरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या ताटात काय होते याचा माग काढता येतो. हे वाचताना तिचे डोळे चमकले, तर आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला घरीच मिळेल.

दोन विद्याशाखांत पाय ठेवणे ही आपल्याकडे नवी गोष्टही नाही. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती होते. तक्षशिलेच्या साठ्यांतली चांदीची आहत (ठसे मारून घडवलेली) नाणी त्यांनी अचूक तराजूवर तोलली. वापरात हाताळले गेलेले नाणे झिजते, म्हणून जास्त काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि त्यांच्या वजनांतली तफावत वाढते, हे तत्त्व त्यांनी आधी आपल्या काळातली चालू नाणी मोठ्या संख्येने तोलून तपासले. त्यानंतरच त्यांनी जुन्या नाण्यांचा क्रम लावला. त्याच कोसंबींनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही सिद्ध केली. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की त्यांनी दोन्ही ठिकाणी पूर्ण कष्ट घेतले. संख्याशास्त्र येते म्हणून संस्कृतात सूट मागितली नाही. आपल्या कन्येलाही अशी सूट मिळणार नाही. थरांचा क्रम वाचणे, खापरांचे प्रकार ओळखणे, जुने उत्खनन-अहवाल बारकाईने वाचणे आणि मिळालेल्या पुराव्यातून किती म्हणता येते व किती म्हणता येत नाही याचे भान ठेवणे, ही सगळी मानव्यविद्येची शिस्त तिला पायरीपायरीने शिकावी लागेल.

आणि धीर लागेल. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पा संस्कृतीच्या स्थळाच्या दफनभूमीतल्या सांगाड्यांचे साठाहून अधिक नमुने डीएनएसाठी तपासले गेले. त्यांपैकी एकाच व्यक्तीचा उपयोगी पडेल इतका डीएनए मिळाला, आणि त्यावरचा डॉ. वसंत शिंदे व सहकाऱ्यांचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्ण हवामानात डीएनए फार टिकत नाही. या क्षेत्रात महिनोन्‌महिने काम करून ‘काही मिळाले नाही’ असे लिहावे लागते, आणि तेही प्रामाणिकपणे लिहावे लागते. चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना हे जड जाते, हे मी पाहिले आहे, म्हणून तिच्याशी याविषयी जरूर बोलावे.

आता पदवीनंतरचा मार्ग. माझा सल्ला असा आहे की तिने बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रातच उत्तम रीतीने पूर्ण करावे, मध्येच शाखा बदलू नये, आणि मग डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वाच्या एम.ए.ला प्रवेश घ्यावा. विज्ञानाच्या पदवीधरांना तो खुला असतो. तरी त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. उत्खननाची शिस्त अंगवळणी पडायला मैदानावरचे हंगाम लागतात आणि ते उशिरा सुरू केले तर नजर तयार व्हायला फार वेळ जातो, म्हणून मी एम.एस्सी.आधी एम.ए. सुचवतो. मात्र तिचा ओढा डीएनए किंवा समस्थानिकांच्या प्रयोगशाळेकडे आहे असे दिसले, तर क्रम उलटा करावा. प्राचीन वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या लखनौच्या बिरबल सहानी संस्थेसारख्या ठिकाणी विज्ञानातली पक्की बैठक अधिक उपयोगी पडेल. चार वर्षांच्या ऑनर्सचा पर्याय तिच्या महाविद्यालयात असेल, तर संशोधनासह चौथ्या वर्षासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, हे आताच ध्यानात ठेवावे.

पैशांविषयी. एम.ए.ची दोन वर्षे आपल्याला खर्च करावा लागेल, आणि पुण्यात राहण्याचा भार कमी नाही. त्यानंतर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत पुरातत्त्व हा विषय घेऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात (हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत), घरभाडे वेगळे. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात. पाच धरून चालावे. फेलोशिप सर्वांना मिळत नाही, म्हणून पहिल्या दोन प्रयत्नांत ती मिळाली नाही तर काय करायचे, हे घरात आधीच ठरवून ठेवावे. नोकऱ्या आहेत, पण थोड्या : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचे पुरातत्त्व खाते, वस्तुसंग्रहालये, विद्यापीठांचे मोजके विभाग आणि प्रकल्पांवरच्या मुदतीच्या जागा. दोन जाहिरातींमध्ये बराच काळ जातो. वयाच्या तिशीपर्यंत कायम नोकरी लागेलच, अशी हमी मी देऊ शकत नाही, आणि कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नये. बी.एस्सी.नंतर बी.एड. करून विज्ञान शिकवण्याचा मार्ग तिच्यासाठी पुढेही खुला राहील, एवढा आधार आपल्या हाती आहे.

हा निर्णय आजच घेण्याची गरज नाही. येत्या सुट्टीत तिला पुण्याला आणावे. डेक्कन कॉलेजचे संग्रहालय आणि तिथला पुरातत्त्व विभाग तिने पाहावा. आघारकर संशोधन संस्थेत वनस्पतींचे जतन केलेले नमुने अभ्यासण्याची परवानगी मिळते का, हे तिच्या प्राध्यापकांच्या पत्राने विचारावे. हिवाळ्यात जवळपास कुठे उत्खनन चालू असेल, तर विद्यार्थिनी म्हणून काही आठवडे काम करण्यासाठी अर्ज करावा. उन्हात बसून दिवसभर खुरपीने माती खरवडल्यावर आणि रात्री नोंदवही पुरी केल्यावरही तिला दुसऱ्या दिवशी जावेसे वाटले, तर तिला अडवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर जोर्व्याच्या टेकाडावरून खापरे उचलून घरी आणू नयेत, असे तिला सांगावे. जागेवरून हलवलेले खापर अभ्यासाच्या दृष्टीने बहुतेक मुके होते, आणि संरक्षित स्थळावरून काही उचलणे कायद्यालाही धरून नाही.

आपले पत्र आपण लिहिले होते. यापुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. त्यात तिला वनस्पतिशास्त्रातला कोणता भाग सर्वांत आवडतो, आणि त्या खापरांविषयी तिच्या मनात नेमका कोणता प्रश्न आहे, एवढे दोन परिच्छेदांत कळवावे. ते वाचून एम.ए. आधी की एम.एस्सी., हे मला अधिक खात्रीने सांगता येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक